चौदा तारखेचा नमुना

रामकिशन लातूरला खासगी तपास करणाऱ्या मंजुश्री बिराजदारच्या ऑफिसात आला, तेव्हा त्याच्या लेकीला जाऊन एकवीस दिवस झाले होते. सात महिन्यांची गरोदर आरती अहमदपूरहून बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कावीळ झाली आणि पोटातल्या बाळासकट ती गेली.

रामकिशन नांदेडकडच्या एका छोट्या नगरपरिषदेत नळाला पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन होता. टाकीच्या आवाराची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली. ती तो कुणाच्याच हातात देत नसे.

त्यानं एक पत्र पुढं सरकवलं. नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतो, अशी तक्रार आरतीनंच केली होती. गल्लीतल्या नळाचा नमुना तपासला, पाणी पिण्यास योग्य आहे, असं परिषदेनं कळवलं होतं. नमुन्याची तारीख पत्रात नव्हती.

"त्या बाटलीत कुठलं पानी व्हतं, तेवढं शोधून द्या," तो म्हणाला.

मंजुश्रीचे मदतनीस दयानंद सर हे निवृत्त शिक्षक. यात शोधण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. मंजुश्रीनं मात्र गल्लीला पाणी कधी येतं, एवढंच विचारलं. आठ दिवसांनी, रामकिशननं सांगितलं. पत्र आलं त्या महिन्यात दहाला सोडलं होतं, मग एकदम अठराला.

दुसऱ्या दिवशी मंजुश्री आणि सर परिषदेत गेले. पत्र लिहिणाऱ्या शिल्पा या क्लार्कनं खाली मान घालून प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत दिली. नमुना चौदा तारखेचा होता. आरोग्य निरीक्षक बसवंत यांनी ठासून सांगितलं की त्या दुपारी गल्लीतल्या नळाखाली बाटली त्यांनी स्वतः धरली. प्रयोगशाळेतून फोनवर कळलं की पाण्यात क्लोरीन अगदी ताजं होतं. घरात साठवलेल्या पाण्यात तेवढं टिकत नाही.

"बसवंतची नजर ठरत नव्हती. धरा त्याला," परतताना सर म्हणाले.

"तो खोटं बोलतोय हे सोपं आहे, सर. पुढचं अवघड आहे."

संध्याकाळी रामकिशनच्या ओसरीवर तिनं सगळं उलगडलं.

"चौदाला गल्लीतले नळ कोरडे होते. म्हणजे नमुना तिथला नाही. क्लोरीन ताजं, म्हणजे घरातल्या पिंपातलाही नाही. कुठल्याही दिवशी असं पाणी एकाच ठिकाणी मिळतं, टाकीवर. उत्तर द्यायची मुदत संपत आली होती आणि बसवंत चार दिवस थांबला नाही." ती अडखळली. "आणि टाकीच्या आवाराची किल्ली एकाच माणसाजवळ असते."

सरांच्या हातातलं पेन थांबलं.

रामकिशनचा हात करदोड्याच्या किल्लीवर गेला.

"हाव. साहेब आलते. टाकीची तपासनी हाय म्हनले. बाटली मीच भरून दिली."

"गल्लीचं नाव त्यांनी नंतर चिकटवलं, काका. तुम्हाला कसं कळणार?"

"ती पानी उकळून पीत व्हती, ताई. पत्र मीच घरी आनलं. मीच म्हनलो, आता उकळायची गरज न्हाई, पोरी."



मग त्यानं सरांना जबाब लिहायला सांगितला, आणि बाटली भरणारा म्हणून आपलं नाव सगळ्यात आधी घालायला लावलं. नोकरी जाईल, असं मंजुश्रीनं बजावलं. त्यानं ऐकलं नाही.

जबाब जिल्हाधिकाऱ्यांकडं गेल्यावर रस्ता खणला गेला. नळाची पाइपलाइन दोनशे फूट गटारातूनच गेली होती. बसवंत निलंबित झाला, आणि रामकिशनही.

त्याच आठवड्यात तो सरांना सोबत घेऊन अहमदपूरला जावयाकडं गेला. दारातच, चप्पल न काढता, त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं.

जावई उंबऱ्यावर बसला.

"पत्र आलं त्या दिवशी तिचा फोन आलता, मामा," तो हळूच म्हणाला. "लई खूश व्हती. म्हनली, माझ्या एका अर्जावर पानी तपासलं."

रामकिशन त्याच्या शेजारी खाली बसला. सर अंगणात जाऊन उभे राहिले.