नीजसोबती

सुलक्षणा तांबवेकर वेलिंग्टनहून कराडला परतली, तेव्हा आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. चेहऱ्यावर मात्र त्याची खूण नव्हती. तिच्या वाटणीची झोप तिचा नवरा झोपला होता.

यदुनाथ तांबवेकर म्हणजे गावातल्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर. त्या आठवड्यात ते दुपारी जेवले की आडवे, रात्री जेवले की आडवे. शेजारच्या मोहितेवहिनी दुधाची पिशवी आत ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या, "सर, तुमच्यापेक्षा कुंभकर्ण बरा. तो निदान आपली आपणच झोपायचा."

एके काळी सतत विमानानं फिरणाऱ्या माणसाला विमान कंपन्या फार तर काय देत? सगळ्यांच्या आधी विमानात चढा, दोन बॅगा जास्त न्या, विश्रामकक्षात फुकटचा उपमा खा, पुढची मऊ खुर्ची रिकामी असली तर तिच्यात बसा. माणसं तेवढ्यावरही हुरळून जायची. पण मेंदूच्या अभ्यासकांनी नीजसोबत शोधून काढली आणि बाकी सगळे लाभ त्यापुढं चिंध्या ठरले.

कल्पना तशी सोपी होती. डॉल्फिन पोहता पोहता झोपतो. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो. माणसाला ते जमत नाही, कारण झोपेचा ठेका धरायला त्याचा सगळा मेंदू लागतो. मग तो ठेका दुसऱ्या कुणी धरून दिला तर? कानामागं चिकटवायची एक पातळ पट्टी प्रवाशाला, तशीच एक दुसऱ्या माणसाला. दुसरा माणूस घरी गाढ झोपायचा, त्याच्या झोपेचा ठेका पट्टीतून प्रवाशाच्या मेंदूत उतरायचा, आणि त्या ठेक्यावर मेंदूचे कोपरे पाळीपाळीनं विसावायचे. प्रवासी चालता-बोलता ताजातवाना राहायचा. असा दुसऱ्यासाठी झोपणारा माणूस म्हणजे नीजसोबती.

साध्या सदस्यांना कंपनी पगारी नीजसोबती पुरवायची, कुठल्या तरी शहरातल्या शयनगृहात झोपणारा, नावसुद्धा ठाऊक नसलेला. सगळ्यांत वरच्या, म्हणजे ध्रुव श्रेणीच्या सदस्यांना मात्र एक खास मान होता: नीजसोबती आपल्या घरचा निवडता येई. कंपनीला हा लाभ देऊ करताना वाटलं होतं की फारसं कुणी तो घेणार नाही, आणि बहुतेक देशांत कुणी घेतलाही नाही. पण तांबवेकरांच्या घरी त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. धडधाकट नवरा घरात असताना झोपायला परका माणूस कशाला, असं सुलक्षणा म्हणाली, आणि यदुनाथनं त्याच संध्याकाळी नवी उशी आणली.

सुलक्षणाचं काम पुलांचं. उंच मनोऱ्यांवरून पोलादी दोर सोडून तोललेले पूल जगात कुठंही कुरकुरले की तिला बोलावणं यायचं. उतरली की थेट पुलावर चढायची; प्रवास असा सततचा, म्हणून ध्रुव श्रेणी तिच्याकडं आपणहून चालत आली. यदुनाथ मात्र जन्मात एकदाच विमानात बसला होता. लहानपणी त्याच्या कानाचं मोठं ऑपरेशन झालेलं; त्या एका उड्डाणात तो इतका कळवळला की डॉक्टरांनी पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. ज्यानं पोरांना साऱ्या जगाच्या नद्या पाठ करून घेतल्या, त्यानं कृष्णा-कोयनेपलीकडं फारसं काही पाहिलं नाही.

म्हणून ती परत आली की दोघं जेवण उरकून नकाशापुढं बसायची. ती सांगायची, तो बोट फिरवायचा. गेल्या एक-दोन वर्षांत गंमत अशी होऊ लागली होती की ती वाक्य सुरू करायची आणि तो पूर्ण करायचा. त्या बंदरावर चहाबरोबर काय दिलं होतं हे ती आठवत बसली, तर तो म्हणायचा, "खारवलेलं लिंबू." दोघं हसायची. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं एवढं एकमेकांत मिसळायचंच, असं धरून चालायची.

या खेपेचा प्रवास पुलासाठी नव्हता. त्यांची मुलगी ऋजुता वेलिंग्टनला बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, जुई. सवयीनं सुलक्षणानं पट्टी लावलेलीच होती. रात्री बाळ रडलं तर आजी जागी हवी, असा साधा हिशेब.

जेवणं झाली. यदुनाथनं या वेळी नकाशा काढला नाही. मांडी घालून तिच्यासमोर बसला. "हं, सांग."

"मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं ना," सुलक्षणा म्हणाली, आणि थांबली. तिनं बाळाला हातात घेतलं होतं हे तिला ठाऊक होतं. पण ते इतिहासाच्या पुस्तकातली लढाई ठाऊक असावी तसं ठाऊक होतं. खोली कुठली, उजेड कसा, बाळाचं वजन हाताला कसं लागलं, काही म्हणजे काही येईना. ती घाबरली.

"तेव्हा तिनं तुझी करंगळी धरली," यदुनाथ हळू आवाजात म्हणाला. "नखं अशी की आरपार दिसावं. टाळूला वास येत होता, नुकतीच वाफ जिरलेल्या भाताचा. तू म्हणालीस, अगं, हिची हनुवटी आमच्या सासूबाईंची."

"हे तुम्हाला ऋजूनं सांगितलं?"

"वास फोनवर कोण सांगतं, सुलू?"

तिला हसू आलं नाही. तिला रागच आला, आणि तिनं तो गिळला नाही. "नऊ महिने वाट मी पाहिली. एवढा प्रवास मी केला. आणि नातीला मांडीवर घेतलं तुम्ही."

"मी कुठं घेतलं गं," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "मी झोपलो होतो."

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेली. डॉ. निरुपमा धायगुडे झोपेच्या शास्त्रातलं मोठं नाव, पण एके काळी यदुनाथच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली. तिनं दोघांच्या मेंदूंचे आलेख काढले, बराच वेळ पाहिले, मग खुर्ची जवळ ओढली.

"काकू, झोप दोन कामं करते. एक म्हणजे मेंदू धुऊन काढते. दुसरं, दिवसभराच्या आठवणी निवडून साठवते. दिवसभरात आपण जे पाहतो ते अंगणात पसरलेलं धान्य समजा. रात्री झोप ते पाखडते आणि कणगीत भरते. नीजसोबती फक्त पाखडायला असतो. कणगी तुमचीच."

"मग माझी कणगी रिकामी का?"

"पाखडणारा परका असला, तर त्या दाण्यांशी त्याचं काही नातं नसतं. ते त्याच्या हातून सुटतात आणि तुमच्याकडंच परत येतात. आठवण रुजायला ओळखीची माती लागते." निरुपमानं यदुनाथकडं पाहिलं. "सरांना तुमचा आवाज माहीत, ऋजुता माहीत, सासूबाईंची हनुवटी माहीत. वर जीव लावून वाट बघत झोपलेले. त्यांच्या मेंदूला हे परक्याचं धान्य वाटलंच नाही. त्यानं ते आपल्याच कणगीत ओतलं. जिथं माया जास्त, तिथं गळती जास्त. आम्ही घरच्या माणसाची चाचणी फारशी घेतलीच नव्हती. कुणी घरचा माणूस झोपवत नाही हो."

"म्हणजे चोर मीच," यदुनाथ म्हणाला.

"सर, चोर कसले. उपाय आहे. पहिला महिनाभर आठवण ओली असते. पट्ट्या उलट्या जोडायच्या, काकूंनी झोपायचं, सरांनी जागं राहायचं. बाळाची आठवण काकूंकडं परत येईल."

"आणि यांच्याकडं?"

"राहणार नाही."

"दोघांकडं ठेवता येत नाही? फोटोच्या दोन प्रती काढतो तशी?"

"आठवण म्हणजे फोटो नाही, काकू. मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना मारलेल्या गाठी आहेत त्या. इथल्या सोडल्याशिवाय तिथं मारता येत नाहीत."

"आजच कर," यदुनाथ म्हणाला. "जिची आहे तिला मिळू दे. मला काय, मी शाळामास्तर. न पाहिलेल्या गोष्टी सांगण्यात जन्म गेला."

शेजारच्या खोलीत दोन पलंग होते. सुलक्षणा एकावर पडली. परिचारिकेनं तिच्या कानामागं पट्टी लावली. यदुनाथ दुसऱ्यावर बसून होता. पट्टी लावायला परिचारिका वळली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक मिनिट हं." त्यानं डोळे मिटले. कोपरं किंचित वाकली, हात छातीशी आले, आणि साठी उलटलेला तो माणूस रिकामे हात जेमतेम कळेल न कळेल इतके हलवत राहिला. त्याच्या तोंडावरचं सुख सुलक्षणानं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिनं कानामागची पट्टी काढली.

"राहू दे," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? झोप मुकाट्यानं."

"मला पुन्हा जाता येईल. तुम्हाला येणार नाही." तिनं चपला पायात सरकवल्या. तिला रडू येत होतं आणि या माणसावर इतकं प्रेमही येत होतं की दोन्हींतलं काय आधी करावं ते तिला कळेना.

निरुपमानं निघताना बजावलं, "काकू, पुढच्या वेळी सोबत बंद ठेवायची. बिनदिक्कत झोपायचं, चार वेळा जांभया द्यायच्या. पण आठवण आपली आपल्याकडं." सुलक्षणानं मान हलवली, आणि तिच्या मनातही तेच होतं.

पुढची खेप जुईच्या पहिल्या वाढदिवसाची. निघायच्या सकाळी सुलक्षणा बॅगेचं कुलूप लावत होती. यदुनाथ सोबतीविषयी चकार शब्द बोलला नव्हता. तो ओसरीवर उन्हात वर्तमानपत्र पसरून नखं कापत होता, अगदी मन लावून, एकेक नख अंगठ्यानं चाचपत.

"आत्ता परवाच कापलीत ना?" तिनं विचारलं.

तो चोरी सापडल्यासारखा ओशाळला. "नाही, म्हटलं, चुकून लागायचं एखादं. लहान पोरांची कातडी फार नाजूक असते."

कराडात पलंगावर झोपणाऱ्या माणसाचं नख वेलिंग्टनच्या बाळाला कसं लागणार, हे भूगोलाच्या मास्तरला सांगण्यात अर्थ नव्हता. सुलक्षणानं पर्समधली पट्टी काढली आणि कानामागं घट्ट दाबली.

त्यानंतर ती प्रत्येक खेपेला तशीच गेली. तिकडं असताना दिवस तिचा असे. ती नातीला न्हाऊ घाले, भरवे, तिच्यामागं धावे, आणि तेवढा वेळ सगळं तिचंच असे. मग कराडात यदुनाथ झोपी जाई. तिनं कधी कुरकूर केली नाही. परत आल्यावर दोघं समोरासमोर बसत, तो सांगे, ती ऐके. तो रंगवून सांगायचा, मास्तरच तो. ऐकता ऐकता तिला वाटायचं की आपण काही गमावलेलं नाही. आपल्या माणसाकडं ठेवायला दिलंय.

जुई तीन वर्षांची झाली. सुलक्षणा वेलिंग्टनच्या विमानतळावर उतरली. ध्रुव श्रेणीच्या माणसाला रांग नसते, थांबणं नसतं. बॅगसुद्धा सगळ्यांच्या आधी हातात येते. बाकीचे प्रवासी आत ताटकळत होते आणि ही एकटी बाहेर आली. समोर ऋजुता उभी होती. तिचा हात सोडून पिवळ्या फ्रॉकमधली एक पोर धावत सुटली. चेहरा फोटोंमुळं ओळखीचा होता. अर्ध्या वाटेत पोर थबकली, दोन्ही तळवे हवेत उभे धरून म्हणाली,

"दार लागलं."

आणि डोळे लकाकवत वाट बघत राहिली.

"उघड बाई दार," सुलक्षणा म्हणाली.

जुईच्या कपाळाला आठी पडली. "तसं नाही ना, आजी." तिनं पुन्हा तळवे धरले. "दार लागलं."

ऋजुता मागून म्हणाली, "आई, तूच शिकवलंस ना तिला? मागच्या वेळी दिवसभर तेच चाललं होतं तुमचं. तू गेल्यावर महिनाभर तिनं दुसरं काही खेळायचं नाव घेतलं नाही."

सुलक्षणानं फोन काढून कराडचा नंबर लावला. तिकडं सकाळ होती. यदुनाथ चहा घेत होता. "अहो, जुई म्हणतेय दार लागलं. मी काय म्हणायचं असतं?"

त्याला क्षणभरही आठवावं लागलं नाही. त्याचा आवाज असा खुलला की फोनबाहेर ऐकू आला. "किल्ली कुठं गेली, किल्ली कुठं गेली, मोज्यात नाही, खिशात नाही, आणि मग हळूच पोटाशी जायचं, सापडली गं बाई सापडली."

सुलक्षणा गुडघ्यांवर बसली. "किल्ली कुठं गेली," ती म्हणू लागली. शब्द बरोबर होते. पण जुई तिच्याकडं बघतच नव्हती. तिनं फोनमधला आवाज ऐकला होता, त्यातली मागच्या वेळच्या आजीची लय ऐकली होती, आणि तिचा चेहरा एकदम फुलला होता. तिनं आजीच्या हातातला फोन दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि गालाशी लावला.

"आजी," ती फोनमध्ये म्हणाली, "तू कधी येणार?"

सुलक्षणा तिच्यासमोर, हातभर अंतरावर, गुडघ्यांवर बसली होती.