झुव म्हणजे काय

"अहो, तुम्ही उलटं लिहिताय," मी म्हटलं.

काचेच्या दारावर 'अभ्यास मदत कक्ष' रंगवणाऱ्या माणसाने वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही उलट्या बाजूला उभ्या आहात," तो म्हणाला.

मी बाहेर जाऊन पाहिलं. अक्षरं सुलट होती. आत आले, तर पुन्हा उलटी. मग अजून एकदा बाहेर गेले, कारण मधल्या वेळात तो हसला होता, आणि हसू दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं का हे बघायचं होतं.

दिसतं.

हा कक्ष मानसशास्त्राच्या पदवीच्या मुलांसाठी होता. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका मिळायच्या, चाचण्यांचे संच मिळायचे, आणि संख्याशास्त्र समजावून सांगणारी एक ताई मिळायची, जी समजावता समजावता स्वतःच डोळे पुसायची. कोपऱ्यात आमचे प्रकल्प तपासणाऱ्या सरासरी मॅडम बसायच्या. 'मॅडम, मला फार टेन्शन आलंय' असं कोणी म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, "सरासरीपेक्षा जास्त की कमी?"

त्या दिवशी माझं सरासरीपेक्षा जास्त होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला प्रयुक्त लागतो. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. दर बुधवारी यायचं, सत्र संपेपर्यंत, आणि अट एकच... ओळखीचा नको. म्हणजे आई बाद, मामा बाद. मामाची पहिल्या वर्षी बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती, त्याबद्दल आमच्या घरात अजून कोणी बोलत नाही.

"तुम्ही माझे प्रयुक्त व्हाल का?" मी पाटीवाल्याला विचारलं.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "दुखतं का?"

"नाही."

"मग बघू."

मी त्याला आरशाच्या यंत्रापुढे बसवलं. हात पडद्याआड, नजर आरशात, आणि आरशात बघत चांदणी गिरवायची. सगळ्यांचा हात आधी भरकटतो, मग हळूहळू सुधारतो. त्या सुधारण्याचा आलेख काढला की झाला प्रकल्प. त्याने चांदणी एका झटक्यात गिरवली, एकही चूक न करता, आणि विचारलं, "बाजूने वेलबुट्टी हवीय?"

सकाळपासून काचेवर उलटी अक्षरं काढणाऱ्या माणसाला मी आरशात बघून चांदणी काढायला लावली होती. तिसऱ्या वर्षाची मानसशास्त्राची विद्यार्थिनी. मन ओळखायला निघाले होते, समोरच्याचा धंदा ओळखता आला नव्हता.

मॅडमनी सरळ रेषा पाहिली. "हा आलेख आहे की रस्ता?" त्या म्हणाल्या. "त्याला येत नाही असं काहीतरी शोध."

म्हणून आम्ही निरर्थक शब्दांवर आलो. याला कसलाही अर्थ नसलेले शब्द लागतात. ते वाचून दाखवायचे, मग प्रयुक्ताने आठवतील तेवढे म्हणायचे. अर्थ नाही म्हणून ओळख नाही, ओळख नाही म्हणून निखळ स्मरणशक्ती मोजता येते. शब्द मी जेवताना तयार केले. आईने यादी वाचून विचारलं, "यात काय आणायचंय?"

टेख, नोफ, झुव, लोझ, गिढ... असे बरेच. पाटीवाला त्यात साफ गारद झाला. पहिल्या बुधवारी त्याला एकच शब्द आठवला आणि तो यादीत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्याला जवळजवळ चहाला विचारणार होते. पण आधी मॅडमकडे गेले.

"मॅडम, परिचय नेमका कुठून सुरू होतो?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एका टेबलावर चहा घेतला की."

तेव्हापासून आम्ही दोन टेबलांवर चहा घेऊ लागलो. पाठीला पाठ लावून. तो त्याच्या कपाशी बोलायचा, मी माझ्या.

"आज ढग काय भरून आलेत," तो कपाला म्हणायचा.

"छत्री आणायला हवी होती," मी माझ्या कपाला सांगायचे.

"माझ्याकडे आहे एक जास्तीची."

"कपाकडून छत्री घेतली तर परिचय होतो का, हे विचारावं लागेल."

त्याची पाठ हसायची. खुर्चीतून ते मला कळायचं. मी भिजत घरी जायचे, आणि प्रकल्प अबाधित राहायचा.

प्रयोगाच्या वेळी तर मला छापील सूचनांपलीकडे बोलायलाच बंदी. 'मी काही शब्द वाचणार आहे. लक्षपूर्वक ऐका.' हे वाक्य मी दर आठवड्याला जरा हळू म्हणायला लागले. तो जरा जास्त लक्षपूर्वक ऐकायला लागला. शेवटी मात्र एक प्रश्न नियमाने विचारावाच लागायचा, प्रयोगादरम्यान काय वाटलं? आणि प्रयुक्त जे सांगेल ते शब्दशः टिपून घ्यायचं.

"टेख कळत नाही," तिसऱ्या बुधवारी तो म्हणाला. "लोझ म्हणजे कोणीतरी कंटाळवाणा नातेवाईक वाटतो. पण झुव..."

"झुव काय?"

"हे सूचनांमध्ये आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "पण सांगा."

त्याने बोटावरचा वाळलेला निळा रंग नखाने खरवडला. "या इमारतीचा जिना चढताना शेवटचं वळण येतं ना... दार उघडं आहे की बंद, ते अजून दिसलेलं नसतं. तेवढ्यात इथे काहीतरी होतं." त्याने छातीच्या जरा खाली हात ठेवला. "त्याला काय म्हणतात?"

"मला नाही माहीत."

"मग झुव."

मी ते शब्दशः टिपून घेतलं. माझं अक्षर एवढं बिघडलं की त्याने, पाटीवाल्याने, खाली वाकून 'ळ' नीट करून दिला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही.

मी यादी समोर ठेवून बसले. खिडकीवर पाऊस वाजत होता. जिन्यावर पावलं वाजायची, वळणापर्यंत यायची, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाची निघायची. संख्याशास्त्राच्या ताईने विचारलं, "कोणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, "विदेची." मानसशास्त्रात माहितीला विदा म्हणतात, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "तोंड का उतरलंय तुझं?"

"झुव होतंय."

"पोटाचं आहे का?"

"जरा वरचं."

"मग गोळी घेऊन झोप," आई म्हणाली आणि दिवा घालवला.

त्या अंधारात मला एक अडचण लक्षात आली. निरर्थक शब्दाला अर्थ आला होता. आणि एकट्या त्यालाच नाही, मलाही कळला होता.

त्याच्या पुढच्या बुधवारी तो दारात उभा. "लांबच्या कामावर गेलो होतो. कळवणार होतो, पण तुमचा नंबर नाही माझ्याकडे."

"नंबर म्हणजे परिचय," मी म्हटलं.

"हो ना." तो खुर्चीत बसला. "चला, वाचा."

मी वाचलं. त्याला बरेच शब्द आठवले. सगळ्यात आधी झुव.

सत्र संपलं. शेवटच्या बुधवारी तो उठला, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाला, "म्हणजे आता यायचं नाही."

"नाही... म्हणजे, कारण नाही."

"बरं," तो म्हणाला. जिन्याच्या वळणापाशी त्याची पावलं जरा थांबली असं मला वाटलं. पण मी त्या विषयात तटस्थ राहिले नव्हते, त्यामुळे माझ्या निरीक्षणावर फार विसंबता येणार नाही.

मॅडमनी माझा आलेख टेबलावर पसरला. सुंदर चढत जाणारी रेषा होती. असा आलेख असला की पदवी वेळेवर हातात पडते आणि पुढच्या वर्षी याच कक्षात नव्या मुलांना शिकवायचं काम मिळतं. मला ते काम फार हवं होतं.

"सगळे शब्द हळूहळू लक्षात राहिलेत," मॅडम म्हणाल्या. "हा एक मात्र तिसऱ्या आठवड्यापासून एकदाही विसरला नाही. झुव. हा का वेगळा वागतोय?"

यादीतून एक शब्द काढून टाकायचा, बस. आलेख आणखी देखणा झाला असता. कोणाला कळलंही नसतं. झुव कोण, कुठला... शब्दच तो.

"मॅडम, त्याला अर्थ आहे," मी म्हटलं.

"कोणता?"

"सांगता येत नाही. पण मलाही होतं ते."

मॅडमनी चष्मा काढला. "चहा घेतला होता एका टेबलावर?"

"नाही. दोन टेबलांवर."

"आणि तरीही?"

"तरीही."

त्यांनी आलेखाची गुंडाळी केली, माझ्या हातात दिली. "प्रयुक्त रद्द. प्रयोगही रद्द. पुढच्या सत्रात नवीन कर, पदवी सहा महिने उशिरा मिळेल. शिकवायचं काम यंदा दुसऱ्या कोणाला. आणि पुढचा प्रयुक्त जरा कंटाळवाणा शोध." मग दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "हा आता विभागाच्या कामाचा नाही. तुझ्या कामाचा आहे का, ते तू बघ. आणि बघायचं तर लवकर बघ, दंतवैद्याच्या दवाखान्याचं काम आजच संपतंय त्याचं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी दात काढायला गेले होते," मॅडम म्हणाल्या.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. वाटेत मला जे होत होतं ते सरासरीपेक्षा खूपच जास्त होतं. तो शिडीवर होता, काचेच्या आत, मी काचेच्या बाहेर. आमच्या मध्ये एक भलीमोठी दाढ होती, निम्मी रंगवलेली. मी दार ढकलून आत गेले.

"तुम्ही रद्द झालात," मी म्हटलं.

तो शिडीवर तसाच थांबला. "काय चुकलं माझं?"

"झुव."

"काढून टाकायचा होता तो एक शब्द."

"नाही काढला," मी म्हटलं. "मॅडमना सांगितलं, मलाही होतं म्हणून."

खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटने आमच्याकडे मान वळवली. दंतवैद्याने ती परत सरळ केली. पाटीवाला एकेक पायरी उतरून खाली आला. माझा हात धरायला त्याने हात पुढे केला, मग स्वतःचा तळवा पाहिला. मनगटापर्यंत ओला पांढरा रंग. हात तसाच हवेत राहिला, माझ्या हातापासून वीतभर.

"आज हवा दमट आहे," तो म्हणाला. "वाळायला वेळ लागेल." आणि मग, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, 'तुम्ही' गाळून... "थांबशील?"

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"थांबते रे," मी म्हटलं.