मुकादमाची झडती

अकरा खड्डे होते आणि एकही चुकीच्या जागी नव्हता.

आजोबा पहिल्या खड्ड्यापाशी बसले ते उठेचनात. मुकादम त्यांच्या मागे उभा राहिला. त्याच्या पुढच्या उजव्या पायाची मोटर नऊ वर्षांची झाली आहे, त्यामुळे चढ संपल्यावर त्यालाही पाच मिनिटं द्यावी लागतात. सकाळचे आठ वाजले होते आणि आम्ही तिघंही संध्याकाळ झाल्यासारखे दमलो होतो.

आमच्या कातळवणे गावाच्या डोक्यावर मोठा सडा (डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ) आहे. भाद्रपदात तिथे कातळखर्पुडी फुलते. तिचं फूल बोटाएवढं, खाली नळी आणि वर कंदिलासारखी घुमटी. चिलटं नळीत शिरतात आणि आतल्या उलट्या केसांमुळे अडकतात. केस सुकले की ती सुटतात आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. अशी रोपं आमच्या सड्यावर एकूण एक्केचाळीस होती. दुर्मीळ झाडं जमवणाऱ्या लोकांना तिचा कंद हवा असतो, आणि कंद काढला की रोप गेलं.

माझे आजोबा, डॉ. अच्युत गुरव, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. रोपांच्या जागा त्यांनी मी आणि मुकादम सोडून कुणालाही सांगितल्या नव्हत्या. शोधनिबंधात त्यांनी फक्त तालुक्याचं नाव दिलं होतं, वहीत नुसतं 'जागा सात', 'जागा आठ' असं लिहिलं होतं. खरा नकाशा होता तो मुकादमाच्या स्मृतीत. मुकादम म्हणजे आमचा यंत्रमानव. मानव कसला, बकरीएवढा, चार पायांचा आहे. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलांनी तो रोपं मोजायला बनवला आणि सगळ्यांवर सारखी देखरेख करतो म्हणून त्याला हे नाव पडलं. मी चालायला शिकले ती त्याच्या पाठीवरची कडी धरून.

"बुटांचे ठसे बघा," मुकादम म्हणाला. "पायवाटेपासून थेट रोपापर्यंत. मग थेट पुढच्या रोपापर्यंत."

शेवाळावर ठसे स्पष्ट होते. शोधणारा माणूस इकडे तिकडे फिरतो, परत येतो. हा माणूस कुठेही भरकटला नव्हता. त्याला जागा माहीत होत्या.

दुपारी ग्रामपंचायतीत सडा समिती बसली. नंदाकाकू पांचाळ समितीच्या अध्यक्ष आहेत. त्या फार बोलत नाहीत.

"नकाशा कुणाकडे होता?"

"मुकादमाकडे," आजोबा म्हणाले.

"मग झालं तर. त्याच्यातूनच फुटला. त्याची स्मृती पुसून टाका, म्हणजे उरलेली तीस तरी वाचतील."

कॉलेजातला माणूस पुढच्या शुक्रवारी येऊन पुसणार असं ठरलं. तसा कागद झाला आणि आजोबांनी त्यावर सही केली. नऊ वर्षांची मोजणी, कुठलं रोप कधी फुललं, कुठल्या फुलात किती चिलटं होती, सगळं जाणार होतं. आणि मी कोण हेही मुकादमाला आठवणार नव्हतं. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी आजोबांशी बोलले नाही.

"तुम्ही सही केलीत?" मी शेवटी विचारलंच.

"काय करू गो? तिघांनाच ठाऊक होतं. तू सांगितलंस? मी सांगितलं? मग कोण उरलं?" आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. "मला आता भांडायचं त्राण नाही, शाल्मली."

मुकादम कोपऱ्यात चार्जिंगला उभा होता. तो म्हणाला, "सर, आधी मला वाचा. मग पुसा."

"वाचा म्हणजे?" मी विचारलं.

आजोबांनी डोळे उघडले. "म्हणजे याचा सोर्स कोड. यंत्राने काय काय करायचं, याच्या माणसाने लिहिलेल्या सूचना. असं बघ, खानावळीत आमसुलाचं सार मागवलंस तर वाटी पुढ्यात येते. आत काय काय घातलंय ते चवीवरून सगळं कळत नाही. पण एखाद्या खानावळीने साराची कृतीच दारावर लावली तर? कुणीही वाचावी, घरी करून बघावी, मीठ जास्त वाटलं तर सांगावं. ज्या प्रोग्रॅमची कृती अशी उघडी असते त्याला ओपन सोर्स म्हणतात. मुकादम तसा आहे. त्याचं काहीच झाकलेलं नाही."

"मग वाचू या!"

"बत्तीस हजार ओळी आहेत गो," आजोबा म्हणाले.

तीन दिवस लागले. सगळ्या ओळी वाचायची गरज नाही, हे मुकादमानेच सांगितलं. जिथे जिथे माहिती 'बाहेर पाठवा' अशी सूचना असेल तेवढ्या जागा आधी शोधायच्या. मग तिथे काय पाठवलं जातं ते मागे मागे जाऊन बघायचं. अशा सात जागा निघाल्या. सहा ठिकाणी तो कॉलेजला वारा, पाऊस, तापमान कळवत होता. सातवी सूचना होती बॅटरी संपत आल्यावर मला निरोप पाठवायची. नकाशा कुठेच जात नव्हता. तरी खात्रीसाठी उरलेल्या ओळींवरूनही मी एकदा नजर फिरवली. माझे डोळे इतके चुरचुरत होते की आनंदसुद्धा धड झाला नाही.

त्यात आजोबांनी खोडा घातला. "आपण कागदावरची कृती वाचली. पण याच्या पोटात शिजलंय ते त्याच कृतीचं कशावरून?"

"ठसा जुळवा," मुकादम म्हणाला.

ठसा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचा हिशोब करून काढलेली अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. प्रोग्रॅममधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार बदलते. आम्ही तोच कोड घरच्या संगणकावर पुन्हा बांधला, त्याचा ठसा काढला आणि मुकादमाच्या पोटातल्या ठशाशी ताडून पाहिला. एकूण चौसष्ट अक्षरं. मी वाचत होते, आजोबा पेन्सिलीने खुणा करत होते. एक्केचाळिसाव्या अक्षराला त्यांना डुलकी लागली म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

"मुकादम नाही," मी म्हटलं. "मग आपल्याबरोबर सड्यावर आणखी कोण असतं?"

आजोबांनी सवयीने खिसा चाचपला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

त्यांच्या फोनमध्ये अठ्ठावन्न अ‍ॅप होती. त्यातल्या निम्म्यांची नावंही त्यांना ओळखता येईनात. त्यांच्या रोजच्या कामाचं होतं ते एक भिंग. फुलाच्या नळीत किती चिलटं अडकलीत हे बघायला आजोबा ते उघडतात. फोनचा दिवा लागतो आणि कॅमेऱ्यातून आतलं मोठं दिसतं. मी त्याच्या परवानग्या (अ‍ॅपला फोनमधल्या कशाकशाला हात लावू द्यायचा याची यादी) उघडल्या. कॅमेरा होता, तो लागणारच. त्याखाली लिहिलं होतं, 'स्थान: कायम'. म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे त्या अ‍ॅपला केव्हाही कळणार.

"भिंगाला ते कशाला हवं?"

"विचारलं होतं त्याने," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "भुरभुर पाऊस होता, चष्म्यावर पाणी होतं. चार वेळा विचारलं. मी कंटाळून होय म्हटलं."

मुकादम म्हणाला, "सर भिंग फक्त फुलापाशी उघडतात. म्हणजे भिंग उघडल्याची प्रत्येक जागा म्हणजे एक रोप. नकाशा तयार झाला."

आजोबांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "चला, नंदाकाकूंना सांगू या."

"काय सांगणार? ही शंका झाली, पुरावा नाही. मुकादमाला वाचता आलं, या भिंगाला येत नाही. त्याची कृती कुलुपात आहे."

"वाचता येत नसेल तर बोलतं करू," मुकादम म्हणाला.

त्याची युक्ती सोपी होती. सड्याच्या दक्षिण टोकाला नुसता कातळ आहे, तिथे गवतही धड उगवत नाही. आजोबांचा फोन तिकडे न्यायचा आणि बारा जागी वाकून भिंग उघडायचं, जणू तिथे रोपंच आहेत. खऱ्या रोपांकडे जाताना मात्र दुसरा फोन न्यायचा, ज्यातलं सगळं उघडं आणि वाचता येण्याजोगं असेल. मग वाट बघायची.

त्यासाठी कपाटातला जुना फोन काढला, पुसून कोरा केला, आणि त्यात एकेक अ‍ॅप निवडून घ्यायला बसलो. ओपन सोर्स अ‍ॅपचं वेगळं भांडार असतं, तिथे प्रत्येक अ‍ॅपबरोबर त्याचा सोर्स कोडही मिळतो. मला वाटलं, उघडं आहे म्हणजे चांगलंच, भराभर घ्यावं.

"थांब," मुकादम म्हणाला. "दारावर कृती लावली म्हणून सार चांगलं होतंच असं नाही. कुणी वाचतं का, बिघडलं तर कुणी दुरुस्त करतं का, ते बघ."

भिंगं दोन मिळाली. एक दिसायला झकास, पण त्याला सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्याची बटणं करडी, सगळं कसं सरकारी दिसत होतं, पण मागच्याच महिन्यात कुणीतरी त्यातली चूक सुधारली होती. ते कॅमेरा सोडून काहीच मागत नव्हतं. आम्ही तेच घेतलं. नकाशाचं अ‍ॅप असं घेतलं, ज्यात तालुक्याचा नकाशा एकदा उतरवून घेतला की ते इंटरनेटशिवाय चालतं. टिपणांचं अ‍ॅप साध्या मजकुरात लिहिणारं, म्हणजे उद्या ते बंद पडलं तरी आजोबांची टिपणं दुसऱ्या कशातही उघडतील. कीबोर्डचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आपण जे जे टाइप करतो ते प्रत्येक अक्षर त्याच्यातूनच जातं, म्हणून इंटरनेटची परवानगीच न मागणारा कीबोर्ड शोधला. तो मराठी शब्द सुचवतो ते अगदीच भलते. आजोबांनी 'पाकळी' लिहायला घेतलं तर 'पाकीट' पुढे करतो. आजोबा वैतागले.

"बँकेचं अ‍ॅप?" मी विचारलं.

"ते उघडं मिळत नाही," मुकादम म्हणाला. "गावाचा मेसेजचा गटही जिथे सगळे आहेत तिथेच राहणार. ती दोन्ही सरांच्या नेहमीच्या फोनमध्येच राहू देत, आणि त्यांना लागेल तेवढीच परवानगी दे."

"म्हणजे सगळं बदलता येत नाही."

"नाही," आजोबा म्हणाले. "आणि मला एवढ्यानेच थकवा आलाय."

मग रोज सकाळी तीच पायपीट. आधी खरी तीस रोपं, नव्या भिंगाने. मग दक्षिण टोक, तोवर बंद ठेवलेल्या आजोबांच्या फोनने. पहिल्या दिवशी आजोबा बाराही जागी गुडघे टेकून कातळात बघत बसले. नवव्या जागी त्यांना उठवायला मी आणि मुकादम दोघं लागलो. "आजोबा, कोण वाकलंय ते भिंगाला कुठे कळतंय?" मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना दगडावर बसवून मीच वाकायला लागले. सोमवारी काही झालं नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मी चढताना रडले. पाय दुखत होते हे कारण सांगितलं, ते निम्मं खरं होतं. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता.

गुरुवारी दक्षिण टोकाला बुटांचे ठसे दिसले. पायवाटेपासून थेट पहिल्या जागेपर्यंत, मग थेट दुसऱ्या. बाराही ठिकाणी शेवाळ खरवडलेलं होतं आणि कातळाच्या भेगांतली मूठ मूठ माती उकरून टाकली होती. तिथे कधी काही उगवलेलं नव्हतं, तरी कुणीतरी येऊन खणलं होतं. आम्ही धावत, म्हणजे आमच्याच्याने जमेल तेवढं धावत, खऱ्या जागांवर गेलो. तीसच्या तीस रोपं जागेवर होती. मी मुकादमाच्या गळ्यात पडले.

दुपारी समिती पुन्हा बसली. आजोबांनी सगळं सांगितलं, फोटो दाखवले. दोन फोन, दोन जागा, आणि खणलं गेलं ते फक्त कुलुपातल्या कृतीच्या भिंगाने दाखवलेल्या जागी.

नंदाकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण चोर कोण ते कळलंच नाही."

"नाही. भिंगवाल्यांनी जागा कुणाला विकल्या, त्यांनी पुढे कुणाला, ते कदाचित कधीच कळणार नाही. पोलिसांना कळवलंय. पण चोराला वाट कुणी दाखवली ते कळलं."

"कुणी?"

"मी," आजोबा म्हणाले. "फोनने विचारलं, मी न वाचता होय म्हटलं. तुमच्या कागदावरही मी तशीच सही केली. आयुष्यभर मुलांना शिकवलं की आधी नीट बघा, मग बोला. आणि ज्याने नऊ वर्षं माझ्याबरोबर चढ चढला, त्याला पुसायला निघालो होतो."

नंदाकाकूंनी फायलीतून तो कागद काढला, उभा फाडला आणि आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "यातही भिंग आहे गो. बघ जरा." मग बाकीच्यांनीही आपापले फोन पुढे केले. मोजले तर चौदा होते. मी मनात म्हटलं, आजचा दिवस गेला. पण परवानग्या कुठे बघायच्या ते एकदा दाखवलं, तशा काकूच शेजारणीला शिकवायला लागल्या.

घरी येताना आजोबा वाटेतल्या पारावर टेकले. "मुकादमा, माझा राग आला होता का रे?"

"माझ्यात रागाची सूचना नाही, सर. वाचून बघा."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तीन दिवस बसून मी त्याला वाचलं होतं, त्यामुळे तो खरं बोलतोय हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाबद्दल मला इतकी खात्री देता आली नसती.

"राग घालता येईल," मी म्हटलं. "कोड उघडाच आहे. मी शिकले की एक ओळ लिहीन."

"आधी पायाच्या मोटरची लिही," मुकादम म्हणाला. "पुढच्या आठवड्यात शेंगा धरतील. वाऱ्याने बी उडायच्या आत वर पोचायला हवं."