पॅनेलखाली अडकलेला पतंग

“वर सोलर पॅनेलं बसली म्हणून कालवा गरीब झाला नाही, झंखना. उतारावर पाऊल टाकायचं नाही,” तिची आत्या, फोई, बजावत होती. झंखनाने मान हलवली आणि कटलेल्या लिंबू-पिवळ्या पतंगामागे धावत सुटली.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, अवकाश होता, पण गुजरातेतल्या कडीजवळच्या त्या गावातल्या गच्च्या आत्ताच गजबजल्या होत्या. पतंग गिरक्या घेत कालव्यावर गेला आणि नव्या सोलर पॅनेलांच्या कडेखाली अडकला. खाली गारेगार सावली, काळंशार पाणी... झंखना सिमेंटच्या उतारावर उतरली. शेवाळावरून पाय सटकला, पाणी घोट्याला ओढू लागलं — आणि वरून एक लांबलचक दांडा पुढे आला.

पॅनेल पुसायचा दांडा होता तो. दुसऱ्या टोकाला केयूर, पॅनेलं बसवणाऱ्या टोळीतला इंजिनियर. त्याने तिला वर ओढलं, मग पतंग काढला आणि सरळ स्वतःकडेच ठेवला.

“माझा आहे तो,” झंखना धापा टाकत म्हणाली.

“जप्त. जीव देणाऱ्यांना पतंग मिळत नाही.”

“तुमच्या पॅनेलांनीच धरून ठेवला ना?”

“ती ऊन धरतात. पतंग धरायला मला नेमलंय.”

खरंच नेमलं होतं. मांजा तारांत गुंतू नये म्हणून सणापर्यंत पहारा त्याच्याकडे. आणि काय नवल, झंखनाचे सगळे पतंग नेमके कालव्यावरच पडू लागले. कालवा झाकल्यामुळे उन्हाने वाटेत पाणी प्यायलं नाही, फोईच्या टोकाच्या शेतालाही यंदा पाणी पोचलं, हे सांगायला ती मुद्दाम गेली. तो अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवायचा, नजर मात्र पाण्यावर. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. उत्तरायण झालं की टोळी दुसऱ्या कालव्यावर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं...

सणाच्या दिवशी वारा असा सुटला की ओढण्या थांबेनात. गच्चीवर उंधियूच्या भाजीचा घमघमाट. फोई फिरकी धरून उभी. आणि कालव्याच्या बाजूने, पण पॅनेलांपासून लांब, एक लिंबू-पिवळा पतंग वर चढला. ठिगळ लावलेला.

झंखनाने तो ओळखला, केयूरने जप्त केलेलाच. तिने आपला लाल पतंग भिडवला. मांजे गुंतले. खेच, खेच म्हणून गच्ची ओरडत होती. ती ढील देत राहिली. तिकडूनही ढीलच येत होती.

फोन वाजला. तिने तो खांद्याने कानाशी दाबला.

“कापत का नाहीस?” केयूर विचारत होता.

“कापला तर... तू जाशील.”

तिकडून आणखी ढील आली.

“जाणार तर आहेच. पण रोज संध्याकाळी परत येता येईल, एवढंच लांब आहे ते. आज फोईंना भेटायला येऊ? तुला मागणी घालायला?”

फोनमधला आवाज शेजारीही ऐकू गेला होता. फोईने फिरकीवरची नजरही न हलवता विचारलं, “उतारावरून ओढून काढणारा हाच ना? तुझ्या ओल्या चपला मी त्याच दिवशी बघितल्या होत्या. ये म्हणावं. जिलेबी गरम आहे.”

आता झंखना-केयूरची लेक धावायला शिकली आहे, आणि फोईचं ते ‘उतारावर पाऊल टाकायचं नाही’ झंखनाच्या तोंडी दिवसभर असतं.

पतंगांचे दिवस आहेत. तुमचं पोर आत्ता कुठे आहे? कालव्याकडे तर गेलं नाही ना... एक हाक मारून बघा.