वसुमतीबाईंची टिकली

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे घडलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते, आणि भर दुपार होती.

गेल्या फेब्रुवारीत. डहाणूच्या कोर्टातली वकिलांची बार रूम. जेवणाची सुट्टी.

मी पूर्वी. वकील आहे. सुट्टीनंतर सायवनच्या बायजीच्या स्टेच्या अर्जावर सुनावणी होती. तिची जागा आपण विकत घेतली असं म्हणणारा एक माणूस तिचं घर पाडायला टपला होता. स्टे मिळाला तर घर राहणार. नाहीतर जेसीबी तयारच होता.

माझ्याकडे हायकोर्टाचा एक जुना निकाल होता. थेट आमच्या बाजूचा. त्याच्या जोरावर मी बायजीला छातीठोकपणे सांगून बसले होते, "घर कुठे जात नाही तुझं."

तो निकाल अजून टिकून आहे का, हे मात्र पाहिलं नव्हतं. घाई, आळस, काहीही म्हणा.

त्यासाठी सायटेशन इंडेक्स असतो. कोणता निकाल पुढच्या कोर्टांनी मानला, कोणता मोडीत काढला, ते त्यात सापडतं. हल्ली सगळे मोबाईलवर बघतात. आमच्या बारमधल्या सगळ्यात ज्येष्ठ वकील वसुमतीबाई मात्र कपाटातले जाडजूड खंड उघडायच्या, आणि मोडीत निघालेल्या निकालावर पर्समधली लाल टिकली चिकटवायच्या. अख्खा बार त्यांची थट्टा करायचा. मीसुद्धा.

त्या फेब्रुवारीच्या आधीच्याच दिवाळीत बाई वारल्या.

मी डबा उघडला. लाईट गेलेली, पंखा बंद. खोलीत मी एकटीच.

मागे पान उलटल्याचा आवाज आला...

वळले. कुणी नाही. कपाटाला कुलूप.

पुन्हा समोर पाहिलं, तर माझ्या त्या निकालाच्या झेरॉक्सवर...

लाल टिकली.

कुणीतरी चेष्टा केली असणार. नखाने काढली. टिकली कोमट होती, आत्ताच कुणाच्या कपाळावरून काढल्यासारखी.

हात धुऊन आले...

टिकली पुन्हा तिथेच.

तेव्हा तरी कपाट उघडायला हवं होतं. मोबाईलला रेंज नव्हती, पण किल्ली समोर खिळ्यावर होती. मला धीर झाला नाही. निकाल मोडीत निघाला असेल, तर बायजीला काय तोंड दाखवू? टिकली काढून टाकली आणि कोर्टात गेले.

युक्तिवाद रंगला. जज्जसाहेब मान डोलवत होते. शेवटच्या बाकावर बायजी पदर सावरून बसली होती. मी निकालाची एक प्रत साहेबांना दिली, दुसरी समोरच्या बाजूचे वकील नविनभाई यांना.

नविनभाईंनी पान उलटलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पूर्वीबेन... ही टिकली? वसुमतीबेनची?"

मी ती प्रत सकाळी स्वतः काढली होती. तिच्यावर टिकली नव्हती.

नविनभाईंनी वेळ मागितला. खंड मागवले. सुप्रीम कोर्टाने तो निकाल केव्हाच मोडीत काढला होता.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, सर."

कान तापले होते. मान वर होईना. सगळा बार माझ्याकडे बघत होता, आणि जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

अर्ज फेटाळला.

व्हरांड्यात बायजी उभी होती. ओरडली नाही, रडलीही नाही.

"बाय, तुमी सांगलं घर राहील. मी कालच भिंती सारवल्या."

वर अपील करू, असं काहीतरी मी पुटपुटले.

"ती दुसरी बाय कोन?" तिने विचारलं.

"कोणती?"

"तुमच्या मागं उभी व्हती ती. पिकल्या केसांची. तुमी बोलत व्हत्या ना, तवा सगला वेल मला हात जोडत व्हती..."

मी मागे वळून पाहिलं नाही.

बायजीचं घर पडलं. टिकली नसती तर नविनभाईंना काही कळलं नसतं, घर वाचलं असतं, हे मला रोज छळतं. बाई कुणाच्या बाजूने आल्या होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी निदान बायजीची माफी मागितली.

माझे हात त्या दिवशी फाईल धरून होते. सायवनला जायची हिंमत अजून झालेली नाही.