अमावस्येची संथा

गोटू, ते दार लोटून घे रे आधी. हं. आता ऐका. ही चोपडीतली गोष्ट नाही, आमच्या लीलाधरकाकाच्या अंगावरून गेलेली आहे.

साल छप्पन. कार्तिकातली अमावस्या, रविवार. आपला मुलूख नव्या मध्यप्रदेशात येऊन महिना झाला होता. लीलाधर नेपानगरच्या मिलमध्ये नवाच लागलेला. संध्याकाळच्या गाडीने तो बऱ्हाणपूरला निघाला. काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसायचं, बस्स.

तिथे विनायकशास्त्री धर्मशास्त्राचा वर्ग घ्यायचे. एके काळी म्हणे बसायला जागा मिळत नसे. मग पोरं कॉमर्सला गेली, नोकरीला गेली. शेवटी एकटा लीलाधर उरला होता, तोही घर चालेना म्हणून गेला. आता मोठे साहेब तपासणीला येणार होते. वर्गात कुणी दिसलं नाही की वर्ग बंद. उभ्या जन्मात कुणापुढे हात न पसरलेले शास्त्रीबुवा मिलच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "एक दिवस ये बाबा. तेवढा एकच दिवस." लीलाधरला मान वर करवेना. आदल्या दुपारीच कॉलेजात येऊन भेटतो म्हणाला, पण मिलमधून सुटता सुटता संध्याकाळ झाली.

स्टेशनावरून बुधवारा मोहल्ला ओलांडून तो कॉलेजात पोचला तेव्हा सगळी सामसूम होती. मागच्या खोलीत तेवढा कंदील दिसत होता. आत संथा चालली होती. संथा म्हणजे कसं, गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने तेच दोनदा म्हणायचं.

लीलाधर थबकला. अमावस्येला अनध्याय. त्या दिवशी शिकवायचं नाही, शिकायचं नाही. त्याला हे गुरुजींनीच सांगितलेलं.

आत गुरुजी एक ओळ म्हणाले.

आणि समोरून ती दोनदा आली.

चला, कुणीतरी मिळालं म्हणायचं! त्याला खरंच हायसं वाटलं. त्याने दारातून डोकावलं. गुरुजी पाटावर बसलेले. समोर एक बसकर. रिकामं...

"गुरुजी?"

"आत येऊ नकोस."

"मी लीलाधर. आलो ना मी."

"उशीर केलास रे." गुरुजींचे डोळे वाहत होते. "दुपारपासून वाट पाहिली. मग म्हटलं, ज्याला शिकायचं असेल त्याने यावं. कुणीही असो."

"आज अमावस्या आहे, गुरुजी. उठा. घरी चला."

"कसा उठू? ते थांबलेत..."

गुरुजी पुढची ओळ म्हणाले.

या खेपेला आवाज एक नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत... कोवळे, म्हातारे, घोगरे...

गुरुजी हसले. कित्येक वर्षांत हसले नव्हते.

लीलाधर पळाला. गुडघ्यात तोंड घालून त्याने रात्र स्टेशनावर काढली. पण गुरुजींना एकटं टाकवेना, म्हणून उजाडताच परत गेला. साहेब आलेले होते. खोलीचं दार आतून बंद होतं. शिपायाने ते फोडलं.

गुरुजी पाटावर तसेच बसलेले. प्राण नव्हता. लीलाधर उंबऱ्यावरच कोसळला, लहान पोरासारखा रडला. आत मात्र कुणाचं पाऊल पडेना.

कारण ती खोली कोण झाडतंय? फरशीवर बोटभर धूळ होती. दारापासून पाटापर्यंत गुरुजींचीच तेवढी पावलं, दुसरं एक पाऊल नाही. आणि पाटासमोर, पार मागच्या भिंतीपर्यंत, धुळीत मांडी घालून बसल्याच्या खुणा. ओळीने. खोली भरून.

साहेबांनी वाकून त्या ओळी पाहिल्या. मग त्यांनी हळूच शिपायाला विचारलं, "इतने लड़के... गए कहाँ?"