प्रदर्शनातला पलंग

मोबाइल खाली ठेवा रे, तोंडावर उजेड नको. सांगतो ते माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. लाकडात त्याचा हात असा चालायचा की आम्ही त्याला कारागीरच म्हणायचो.

गेल्या जानेवारीत जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं. एका भिंतीला जुन्या घरगुती वस्तू, समोर हाताने केलेल्या इवल्या प्रतिकृती. कारागिराने आपलं राहतं घरच केलं होतं, टोपलीएवढं. खिडक्यांना गज, नखाएवढी फडताळं. जुन्या वस्तूंत ठेवायला मात्र त्याच्याकडे एकच चीज होती. आईचा शिसवी पलंग.

आई अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "अरे, मी आहे ना अजून त्याच्यावर."

"चारच दिवस गं. खाली गादी घालतो."

कडाक्याची थंडी. गार फरशी. त्याने म्हातारीला उचलून खाली गादीवर निजवलं.

पलंगापाशी लोकांची ही झुंबड! स्वारी हवेत. शेवटच्या दिवसाआधीची, शनिवारची रात्र. राखणीला तोच थांबला. दोनच्या सुमारास इवल्या घरावरची धूळ फुंकत बसला होता. मागे पलंग करकरला.

वळून बघतो तर... आई.

कुशीवर. पाय पोटाशी घेतलेले.

"आई? तू... इथं कशी आलीस?"

"पाठ गारठली रे..."

आणि आमचा शहाणा काय म्हणाला, ठाऊक आहे? अंगावर काही घालू का, असं नाही विचारलं. म्हणाला, "ऊठ आधी. सकाळी परीक्षक येतील. चादर चुरगळतेय."

आई उठली. त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलाकडे गेली. इवल्या घरापाशी वाकली...

आणि नव्हती.

फोन वाजला. बायको.

"अहो... आई गेल्या. तास झाला. केव्हाची लावतेय, तुमचा लागतच नाही."

...

पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. पलंग त्याने परत घरात आणला नाही. ते इवलं घर मात्र आहे. मी हातात घेऊन पाहिलंय. सगळी दारं उघडतात. आईच्या खोलीचं उघडत नाही. कारागीर शपथेवर सांगतो, त्या दाराला कडी त्याने केलीच नव्हती.

पण ढकललं, की आतून कडी वाजते.